सहाव्या मिनिटाला थांबलेला खेळ

(पक्षाच्या कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



अमेरिकेतल्या महिला फुटबॉलच्या एका हंगामाविषयी मी बोलणार आहे असे कळवले, तेव्हा संयोजकांनी विषय पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संभ्रम मी समजू शकतो. खेळ म्हणजे करमणूक, आणि करमणूक म्हणजे जनतेचे लक्ष मूळ प्रश्नांवरून उडवण्याचे साधन, असा समज आपल्यात फार दिवस रुजलेला आहे. पाहणाऱ्याच्या बाजूने त्यात तथ्य असेलही. पण जी मैदानावर पगारासाठी उतरते तिच्या दृष्टीने खेळ ही नोकरी असते. तिला मालक असतो, मुकादम असतो, करार असतो आणि काढून टाकले जाण्याची धास्ती असते. तेव्हा २०२१ सालच्या या हंगामाकडे आपण कामगार-मालक संबंधांतील एक प्रकरण म्हणून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

नॅशनल विमेन्स सॉकर लीग ही स्पर्धा २०१३ साली सुरू झाली. त्यापूर्वी अमेरिकेत अशा दोन व्यावसायिक स्पर्धा निघाल्या आणि प्रत्येकी तीन हंगाम खेळून बुडाल्या. या अपयशाचा मालकवर्गाने मोठा उपयोग करून घेतला. 'लीग टिकली तर तुम्ही टिकाल' हे वाक्य खेळाडूंना इतक्या वेळा ऐकवले गेले की पगार मागणे म्हणजे खेळाशी द्रोह, असे वातावरण तयार झाले. पहिल्या वर्षी किमान वेतन होते सहा हजार डॉलर. २०२१ मध्ये ते बावीस हजार झाले होते.

आता कोणी म्हणेल, बावीस हजार डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने सोळा लाख रुपये. एवढ्यावर रडायचे कशाला? अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हा प्रश्न सोडवत नाही. लीगमधील एक प्रमुख क्लब ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात आहे. त्या शहरात जुलै २०२१ पासून कायद्याने ठरलेले किमान वेतन ताशी चौदा डॉलर होते. उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या माणसाने वर्षभर पूर्ण वेळ काम केले तर त्याच्या पदरी एकोणतीस हजार डॉलर पडत. म्हणजे हजारो प्रेक्षकांसमोर खेळणारी, देशातील निवडक दोन-अडीचशे खेळाडूंपैकी एक असलेली स्त्री, कायद्याच्या तळाशी असलेल्या मजुराहूनही कमी वेतनावर राबत होती. (हे वाक्य भांडी घासणाऱ्याला कमी लेखण्यासाठी नाही. त्याला निदान कायद्याचे संरक्षण होते, एवढेच म्हणायचे आहे.) त्याच जुलैमध्ये खेळाडूंच्या संघटनेने जोडधंद्यांविरुद्ध मोहीम काढली आणि पोटासाठी सरावाखेरीज आणखी कोणकोणती कामे करावी लागतात, हे खेळाडूंनी स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितले.

क्लब राहायला घर देत, हे मान्य केले पाहिजे. पण गिरणीच्या चाळीत ज्यांची बालपणे गेली आहेत अशा मंडळींना मालकाच्या घरात राहणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. नोकरी गेली की बिऱ्हाडही जाते. त्यात भर अशी की महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलीला कोणी घ्यायचे, हे क्लब आपापसात पाळीपाळीने ठरवत. याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात. नंतर तिला न विचारता तिचा दुसऱ्या क्लबशी विनिमयही करता येई. आपल्या श्रमाला अनेक गिऱ्हाइके असतील तर मजूर एकाला नकार देऊ शकतो; येथे दहा क्लब मिळून एकच गिऱ्हाईक झाले होते. खरेदीदाराच्या मक्तेदारीचे याहून स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकातही सापडले नाही.

एवढे ध्यानात घेतले की पुढचा भाग नीट समजतो.

२०१५ साली पोर्टलंडच्या माना शिम या खेळाडूने आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. क्लबने चौकशी केली आणि प्रशिक्षकाचा करार पुढे चालू ठेवला नाही. कारण मात्र जाहीर केले नाही. पुढच्याच वर्षी तो त्याच लीगमधील दुसऱ्या क्लबचा प्रशिक्षक झाला आणि पुढील काळात त्याने तीन अजिंक्यपदे जिंकली. २०२१ मध्ये शिनेड फॅरेली या दुसऱ्या खेळाडूने आणि शिमने लीगच्या कार्यालयाला पुन्हा लिहिले. उत्तर आले की त्या तक्रारीची चौकशी पूर्वीच पूर्ण झाली आहे. अखेर ३० सप्टेंबर २०२१ रोजी या दोघींची हकीकत 'द अ‍ॅथलेटिक' या क्रीडापत्राने प्रसिद्ध केली. त्याच दिवशी प्रशिक्षकाला बडतर्फ करण्यात आले. बहुतेक आरोप त्याने नाकारले; २०२३ मध्ये त्याच्यावर या लीगमध्ये काम करण्यास कायमची बंदी घालण्यात आली. त्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही. त्या हंगामाच्या अखेरीस दहापैकी पाच संघांना खेळाडूंच्या तक्रारींनंतर आपल्या प्रशिक्षकांशी संबंध तोडावे लागले होते. निम्मे मुकादम एकाच वेळी वाईट निघतात तेव्हा दोष कारखान्याच्या रचनेत शोधावा लागतो.

१ ऑक्टोबरला लीगच्या आयुक्त लिसा बेअर्ड यांनी राजीनामा दिला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खुर्चीवर स्त्री बसली म्हणजे स्त्रियांचा प्रश्न सुटतो, असे मानणारे आपल्यातही आहेत. ही लीग स्त्रियांची होती आणि तिच्या सर्वोच्च पदावर स्त्रीच होती.

त्या आठवड्याअखेरचे सर्व सामने खेळाडूंच्या संघटनेच्या मागणीवरून रद्द झाले. संप हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तो संपच होता. ६ ऑक्टोबरला सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा तिन्ही मैदानांवर सहाव्या मिनिटाला खेळ थांबला. दोन्ही बाजूंच्या खेळाडू मध्यवर्तुळात एकमेकींच्या हातात हात गुंफून स्तब्ध उभ्या राहिल्या. सहा मिनिटे कशासाठी? तर तक्रारीची दाद लागायला सहा वर्षे गेली म्हणून. संघटनेने त्याच दिवशी आठ मागण्या मांडल्या आणि महिनाअखेरीस लीगने त्या मान्य केल्या.

ही संघटना काही त्या आठवड्यात जन्मलेली नव्हती. २०१७ साली ती स्थापन झाली ती राष्ट्रीय संघाबाहेरच्या, म्हणजे नाव नसलेल्या खेळाडूंची. राष्ट्रीय संघातील प्रसिद्ध खेळाडूंचा पगार देशाचा फुटबॉल महासंघ देई. त्यांची संघटनाही वेगळी होती. एका खात्यातले कायम कामगार आणि बदली कामगार यांच्यात जी दरी असते तीच येथे होती. २०२१ मध्ये ती बुजली. अ‍ॅलेक्स मॉर्गनसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूने लीगच्या कार्यालयाची ती पत्रोत्तरे जाहीर केली नसती, तर राजीनामे इतक्या झपाट्याने पडले नसते. पण मागण्यांचा मसुदा, वाटाघाटी, सामने थांबवण्याचा निर्णय हे चार वर्षे चिकाटीने बांधलेल्या संघटनेचेच काम होते.

खेळाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तरुण मंडळी नाराज होतील. २० नोव्हेंबरला लुइव्हिल येथे अंतिम सामना झाला. वॉशिंग्टन स्पिरिटने शिकागो रेड स्टार्सचा जादा वेळेत दोन विरुद्ध एक असा पराभव केला. अंतिम सामना आधी पोर्टलंडला सकाळी नऊला ठेवला होता, दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी. खेळाडूंनी हरकत घेतली आणि जागा बदलावी लागली. विजेत्या वॉशिंग्टनचा मूळ प्रशिक्षक हंगाम संपण्यापूर्वीच बडतर्फ झाला होता, आणि पराभूत शिकागोच्या प्रशिक्षकाने सामन्यानंतर एक-दोन दिवसांतच राजीनामा दिला.

वॉशिंग्टनच्या खेळाडूंनी आणखी एक अपूर्व गोष्ट केली. क्लब अमुक मालकाने विकावा आणि मिशेल कांग या भागीदारीण बाईंनी तो घ्यावा, असे त्यांनी उघड पत्र लिहून सांगितले. पुढल्या मार्चमध्ये तसे घडलेही. या घटनेचे मला कौतुक आहे, पण आनंद अर्धाच आहे. मालक बदलला, मालकी तशीच राहिली. क्लब चालवण्यात खेळाडूंचा आणि प्रेक्षकांचा वाटा असावा, असे मला वाटते.

३१ जानेवारी २०२२ रोजी लीगचा पहिला सामूहिक करार झाला. किमान वेतन पस्तीस हजारांवर गेले. आठ आठवड्यांची मातृत्व-पितृत्व रजा, मानसिक आरोग्यासाठी रजा आणि सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला क्लब निवडण्याचा हक्क मिळाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅली येट्स या माजी सरकारी वकील बाईंचा चौकशी अहवाल आला. दोनशेहून अधिक मुलाखतींवर आधारलेल्या त्या अहवालाने छळ हा व्यवस्थेतच मुरलेला होता, असा निष्कर्ष काढला. २०२४ च्या दुसऱ्या कराराने ड्राफ्ट रद्द झाला, संमतीवाचून होणारे विनिमय बंद झाले, आणि किमान वेतन २०२५ साठी साडेअठ्ठेचाळीस हजार ठरले. २०२५ मध्ये छळ सोसलेल्या खेळाडूंसाठी पन्नास लाख डॉलरचा निधीही लीगला काढावा लागला.

'पगार मागाल तर लीग बुडेल' या भाकिताचे काय झाले? २०२३ साली चार वर्षांच्या प्रक्षेपणहक्कांना चोवीस कोटी डॉलर मिळाले. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या क्लबची किंमत पंचवीस कोटी धरली गेली. मालकांची मत्ता ज्या गतीने फुगली तिच्या मानाने किमान वेतनाची वाढ कासवाची आहे, हे खरे. पण पैसाच नाही हा युक्तिवाद मात्र कायमचा निकालात निघाला.

आता आपल्याकडे वळतो. २०२३ साली महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा आपण पाठिंब्याचे ठराव केले. त्यांच्यापाशी ऑलिम्पिकचे पदक होते, लोकांची सहानुभूती होती. वाटाघाटीला बसणारी स्वतःची संघटना नव्हती. आणि आपल्या कामगार संघटनांचे काय? छळाची तक्रार आली की ती महिला आघाडीकडे पाठवायची आणि वेतनाची बोलणी पुरुष पुढाऱ्यांनी करायची, अशी विभागणी आपण स्वीकारली आहे. नोकरी, घर आणि बदली ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध बाई तोंड उघडत नाही. तेव्हा वेतन आणि छळ हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती सक्तीची केली आहे, आणि कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था व मैदानेही घातली आहेत. किती आस्थापनांत ती समिती केवळ भिंतीवरच्या फलकापुरती आहे, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

पुढील महिन्यात मागणीपत्रकाचा मसुदा तयार व्हायचा आहे. तक्रार करणाऱ्या कामगार स्त्रीची चौकशी पूर्ण होईपर्यंत तिच्या संमतीवाचून बदली करता येणार नाही, आणि दोषी ठरलेल्याला सोडताना कारण लेखी नोंदवले जाईल, ही दोन कलमे वेतनवाढीच्या कलमालगत लिहावीत, 'इतर मागण्या' या मथळ्याखाली नकोत, असे मी सुचवतो.