घरच्या घरी शोभेचे मासे : आधी पाणी, मग मासे



आज मी कापसावर किंवा तुरीवर बोलणार नाही. घरातल्या एका खोलीत काचेच्या टाक्या मांडून शोभेचे मासे वाढवायचे आणि दुकानदाराला विकायचे, हा आजचा विषय. मी कृषी पदवीधर, मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस नव्हे. पण देवळीच्या माझ्या भाड्याच्या घरात सहा टाक्या आहेत. आमच्या घरची मंडळी म्हणतात, या घरात माणसांपेक्षा मासेच जास्त. हा विषय मी मागून घेतला त्याला दुसरेही कारण आहे. यात माझ्या हातून एक चूक झालेली आहे.

देवळी तालुक्यातल्या एका गावी एक ताई आहेत. नाव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी कापसाचे पैसे हाती आले तेव्हा त्यांनी मला विचारले, "साहेब, घरी बसून होईल असा काही धंदा सांगा ना जी." मी उत्साहाने कागदावर आकडेमोड करून दिली. त्यांनी रॅक करून घेतला, २० टाक्या आणल्या. रविवारी पाणी भरले, सोमवारी नागपूरहून मासे आणून सोडले. दोन दिवस घरी बघायला येणाऱ्यांची जत्रा. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला, "साहेब, मासोया वर येऊन तोंड उघडून राहिल्या. तुम्ही सांगितलं तसंच केलं ना जी सारं." आठवडा संपेपर्यंत १८ टाक्या रिकाम्या झाल्या. रोग नव्हता. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत होते.

सगळे सांगितले, पण पाणी तयार व्हावे लागते हेच सांगायचे राहिले होते.

पाणी तयार होणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजायला जड नाही. आपण शेतात युरिया टाकतो. त्याचा अमोनिया होतो, आणि जमिनीतले सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. टाकीतही हेच घडते. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषे आहेत. नायट्रेट बरेचसे सोसते. जमिनीत हे जीवाणू आयतेच असतात, नव्या काचेच्या टाकीत ते नसतात. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीभर मासे सोडणे म्हणजे त्यांना त्यांच्याच विषात ठेवणे.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. काळ्या दगडातून येणारे आपल्या विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की आणखीच. मात्र याच जड पाण्याचा एक फायदाही आहे. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या जातींना असेच पाणी मानवते. तेव्हा सुरुवात यांच्यापासूनच करावी. निऑन टेट्रा, डिस्कस असल्या जातींची पैदास मऊ पाण्यात होते. दुकानात त्यांची किंमत ऐकून मोह पडतो, पण आपल्या विहिरीला जे मानवत नाही त्याच्या नादी लागू नये. गप्पी तर तुमच्या ओळखीचाच आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापवाले टाक्या-हौदांत सोडतात तोच. फक्त दुकानदाराला त्यातल्या रंगीत, मोठ्या शेपटीच्या जाती हव्या असतात.

आता करायचे कसे? पहिल्या महिन्यात दोनच टाक्या भरा. हवा चालू करा, स्पंजचा फिल्टर लावा, मासे सोडू नका. रोज चिमूटभर खाद्य मात्र पाण्यात टाका. ते कुजते, अमोनिया होतो आणि जीवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कोणाकडे जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज आणून आपल्या टाकीत ठेवा. दुधाला विरजण लावतो तसेच हे. अमोनिया आणि नायट्राइट तपासायची थेंबांची किट मिळते, ती घ्या. दोन्ही शून्य दिसू लागले की थोडे मासे सोडा. पुढच्या टाक्यांना याच टाकीतले विरजण लावा. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि महिन्याची मेहनत मोरीत जाते.

नळाचे पाणी भरणार असाल तर ते उघड्या ड्रममध्ये हवा सोडून एक दिवस ठेवा, मगच वापरा.

खोली निवडताना टिनाखालची नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि या माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी बरे. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे साडेसात. जुन्या मातीच्या भिंतींची, उत्तरेकडची खोली असेल तर ती सोन्यासारखी. उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावा. आपली हवा कोरडी असल्याने तो चांगले काम करतो. पण त्याच कोरड्या हवेने टाकीतले पाणीही उडते, आणि क्षार मागे राहतात. म्हणून नुसती भर घालत राहू नका, थोडे जुने पाणी काढा आणि मग नवे घाला.

वजनाचा हिशेब लोक विसरतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी राहते. २० टाक्या म्हणजे एक टन पाणी, काच आणि लोखंड वेगळे. त्यामुळे रॅक जाड अँगलचा, तळमजल्यावर आणि पक्क्या फरशीवर असावा. टाकीखाली थर्माकोल टाका, म्हणजे तळाची काच तडकत नाही. दोन मजल्यांत हात आणि जाळी जाईल एवढी जागा ठेवा. माझ्या पहिल्या रॅकला ती नव्हती, मासा पकडायला सांडशी लागायची.

प्रत्येक टाकीला वेगळा पंप घेऊ नका. एक ब्लोअर घ्या आणि खोलीभर पी.व्ही.सी. पाइप फिरवून त्याची दोन्ही टोके जोडा, म्हणजे हवेचा दाब सगळीकडे सारखा राहतो. पाइपाला टाकीगणिक छोटा नळ. ब्लोअर पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटे त्याच्यात शिरते. ओल्या हाताने वावरायची ही खोली आहे. अर्थिंग आणि गळती झाली की बंद पडणारे बटण बसवल्याशिवाय वीज जोडू नका. वीज जाणारच, तेव्हा इन्व्हर्टर ठेवा. तोही बसला तर मग्याने पाणी उचलून वरून ओतत राहा. रात्री दोन वाजता हे काम मी केलेले आहे.

पाणी बदलणे हाच या धंद्यातला खरा रोजगार. आठवड्याला एक चतुर्थांश धरले तर २० टाक्यांचे २५० लिटर होतात, म्हणजे १५ लिटरच्या १७ बादल्या. मे महिन्यात तुमच्या विहिरीत एवढे पाणी असते का, हे टाक्या घेण्यापूर्वी बघा. नसेल तर टाक्या कमी करा. काढलेले पाणी वाया जात नाही, सांबार-मिरचीच्या वाफ्याला ते खतपाणीच आहे.

एक गोष्ट आपल्या कपाशीवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो. फवारणी करून आलात की आंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय या खोलीत पाऊल टाकू नका. कीटकनाशकाचा हाताला राहिलेला अंशसुद्धा माशांना पुरतो. फवारणीची बादली, मग, डबा इथे कधीच नको. डासांचा फवाराही या खोलीत मारायचा नाही.

टाक्या अनेक का लागतात, तेही सांगतो. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते आणि मोठे मासे ती पिल्ले खातात. म्हणून व्यायला आलेल्या मादीला वेगळी टाकी, पिल्लांना वेगळी. पिल्ले महिन्याची होत आली की नर-मादी वेगळे करावे लागतात, नाहीतर जात मिसळते. दोन टाक्या नव्या माशांसाठी राखून ठेवा. बाहेरून आणलेला मासा तीन आठवडे तिथेच, आणि त्याची जाळीही वेगळी. खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्या, पण अगदी थोडा. उरला की लगेच कुजतो.

उरलेले किंवा नको झालेले मासे धाममध्ये, बोरच्या जलाशयात किंवा नाल्यात सोडू नका. उजनीत सकर माशाने कोळ्यांच्या जाळ्यांचे काय केले ते त्यांना विचारा.

विक्रीचे आधी पक्के करा. वर्धा, अमरावती, नागपूर इथल्या दुकानदारांना भेटून कोणती जात, किती मोठी, महिन्याला किती घेणार ते विचारा, मगच टाक्यांचा आकडा ठरवा. पाठवण्याआधी एक दिवस मासे उपाशी ठेवा. पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू भरा आणि पहाटेची एस.टी. धरा.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपनाला ३ लाख रुपये खर्च धरून महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान ठेवलेले होते. सध्या अर्ज घेतात का, ते वर्ध्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. माझे स्वतःचे मत असे, की पहिल्या चार टाक्या कर्ज न काढता, स्वतःच्या पैशाने करून पाहाव्यात. त्या वर्षभर टिकल्या तर पुढचे बोलू.

त्या ताईंनी पुन्हा सुरुवात केली. मीही आठवड्याला जातो, ते माझ्यावर देणेच आहे. दोनापासून आता नऊ टाक्या चालू आहेत. उरलेल्या अकरांपैकी तीनमध्ये धान्य भरलेले आहे.

आपल्या शंका पत्राने जरूर कळवा. लिहिताना टाकीची लांबी-रुंदी-उंची, पाणी विहिरीचे, बोअरचे की नळाचे, आणि टाकी भरून किती दिवस झाले, एवढे अवश्य लिहा. नमस्कार.