हरलेल्यांसाठी वाढलेलं पान



आज पदवी घेणाऱ्यांत अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षकही आहेत. तुम्हाला मी एका अभियंत्याची गोष्ट सांगणार आहे. तो आपल्याच देशबांधवांशी युद्ध करायला निघाला आणि त्याने ते अशा रीतीने जिंकलं की त्यातून देश उभा राहिला. त्याचं नाव गियोम-आंरी द्युफूर, आणि देश स्वित्झर्लंड.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला हिंदी चित्रपटांतला बर्फ आठवतो, घड्याळं आठवतात. तिथे कुणी कुणाच्या जिवावर उठलं असेल, असं वाटतच नाही. पण १८४७ पर्यंत आजचा स्वित्झर्लंड हा देशच नव्हता. होते ते बावीस कँटन. प्रत्येक कँटन म्हणजे एक छोटं राज्य. त्याचं नाणं वेगळं, जकात वेगळी, कायदा वेगळा. कुठे जर्मन बोलत, कुठे फ्रेंच, कुठे इटालियन आणि डोंगरांतल्या काही खोऱ्यांत रोमान्श. काही कँटन कॅथलिक, काही प्रोटेस्टंट. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून करारांनी एकमेकांना बांधून घेतलेली ही भावकीच होती. परका चालून आला की सगळे एक, आणि तो गेला की पुन्हा बांधावरून वाद. धर्मावरून तर १५२९ ते १७१२ या काळात या भावकीने चार वेळा फौजा समोरासमोर आणल्या.

एकोणिसाव्या शतकात उदारमतवादी कँटनांना एक मजबूत केंद्र हवं होतं. डोंगराळ कॅथलिक कँटनांना त्यात आपला धर्म आणि आपली जुनी स्वायत्तता बुडताना दिसत होती. १८४४ मध्ये लुसर्नने उच्च शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या हाती द्यायचं ठरवलं आणि ठिणगी पडली. प्रोटेस्टंट कँटनांतून सशस्त्र टोळ्या लुसर्नवर चालून गेल्या. उत्तर म्हणून १८४५ च्या डिसेंबरात लुसर्न, उरी, श्वीझ, उंटरवाल्डन, झूग, फ्रीबूर आणि व्हाले या सात कँटनांनी आपली वेगळी युती केली. विरोधकांनी तिला नाव दिलं ‘झोंडरबुंड’, म्हणजे फुटीर युती. सर्व कँटनांच्या सभेने १८४७ मध्ये ती मोडायचा हुकूम दिला, सातांनी तो धुडकावला, आणि सभेने सैन्य उभं करून द्युफूरला सेनापती नेमलं.

द्युफूर तेव्हा साठ वर्षांचा होता. जिनिव्हात वाढलेला, पॅरिसमध्ये शिकलेला, नेपोलियनच्या फौजेत अधिकारी राहिलेला. १८२३ मध्ये जिनिव्हात तारांच्या दोरखंडांवर टांगलेला पूल बांधणाऱ्यांत तो होता. आणि सेनापती होण्याच्या कितीतरी आधी त्याने एक काम अंगावर घेतलं होतं, जे मला त्याच्या युद्धाइतकंच मोठं वाटतं. ते काम म्हणजे साऱ्या स्वित्झर्लंडचा शास्त्रशुद्ध नकाशा. एक लाखास एक हे प्रमाण, पंचवीस पानं. पहिली पानं १८४५ मध्ये छापली गेली, शेवटची १८६५ मध्ये. देश अजून जन्माला यायचा होता आणि हा माणूस त्याची दरी अन् दरी मोजत होता. त्या मोजणीत कॅथलिकांचे डोंगर आणि प्रोटेस्टंटांचे डोंगर असा भेद नव्हता.

विजय मिळवा, पण निष्कलंक राहून मिळवा, असं त्याने आपल्या सैन्याला बजावलं. जखमी शत्रूला आपल्या माणसासारखं जपा, कैद्याला हात लावू नका, शेतं आणि देवळं यांना धक्का लावू नका. त्याच्याकडे सुमारे एक लाखाची फौज होती. एवढ्या बळावर सूड सहज घेता आला असता. त्याने ते बळ वापरलं ते लढाई टाळण्यासाठी. फ्रीबूरला मोठ्या सैन्याने वेढा घालून शरण येण्याची संधी दिली आणि शहर १४ नोव्हेंबरला शरण आलं. २३ तारखेला गिस्लिकोनला मोठी चकमक झाली, दुसऱ्या दिवशी लुसर्न पडलं. ३ नोव्हेंबरला सुरू झालेलं युद्ध २९ नोव्हेंबरला संपलं. दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले शंभर-दीडशेच्या घरात. धर्मयुद्ध म्हणतात त्याला, पण कॅथलिक युतीचा सेनापती झालिस-झोग्लिओ स्वतः प्रोटेस्टंट होता, हेही लक्षात ठेवा. माणसं कुठल्या बाजूला उभी राहतात हे त्यांच्या जन्माच्या दाखल्यावरून ठरत नाही.

पण माझ्या मते खरी परीक्षा डिसेंबरात सुरू झाली. गावाकडे निवडणूक जिंकल्यावर हरलेल्याच्या दारावरून गुलाल उधळत जाणारी मिरवणूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या मिरवणुकीचा सल किती पिढ्या टिकतो, तेही पाहिलं आहे. जिंकलेल्या कँटनांकडे लोकसंख्या होती, पैसा होता, फौज होती. सगळी सत्ता एकाच सभागृहात ठेवून ते कायम राज्य करू शकले असते. १८४८ च्या राज्यघटनेत त्यांनी दोन सभागृहं केली. एकात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी, दुसऱ्यात प्रत्येक कँटनचे दोन. बर्नसारख्या दांडग्या कँटनला दोन आणि काल हरलेल्या चिमुकल्या उरीलाही दोनच. एका नाण्याखाली, एका टपालाखाली सगळे आले, आतली जकात गेली. पण शाळा, चर्च, पोलीस कँटनांकडेच राहिले. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही राष्ट्रभाषा झाल्या. बहुसंख्या जर्मन बोलणाऱ्यांची होती, तरीही. हरलेल्यांसाठी पंगतीत पान वाढलं गेलं, आणि ते कोपऱ्यात नव्हतं.

हे सगळं निर्मळ होतं असं मी म्हणणार नाही. सहा पूर्ण आणि एक अर्धा कँटन घटनेच्या विरोधात गेले. लुसर्नमध्ये मतदानाला न आलेल्यांची मतं होकारात धरली, म्हणून तिथे घटना मंजूर ठरली. जेझुइटांवर घटनेतच बंदी घातली गेली आणि ती १९७३ पर्यंत टिकली. ज्यूंना देशात कुठेही राहण्याचा हक्क १८६६ मध्ये मिळाला, स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क १९७१ मध्ये. युद्धाचा खर्च हरलेल्या कँटनांवर लादला होता. त्याची उरलेली बाकी मात्र १८५२ मध्ये माफ झाली. आणि देशाच्या सात जणांच्या मंत्रिमंडळात पराभूत पक्षाचा पहिला माणूस, लुसर्नचा योझेफ झेंप, बसला तो १८९१ मध्ये. पान वाढलेलं होतं, पण हरलेला शेजारी तिथवर येऊन बसायला त्रेचाळीस वर्षं लागली. घाईच्या माणसांनी हा आकडा विसरू नये.

द्युफूरचं पुढे काय झालं? १८६३ मध्ये जिनिव्हात आंरी द्युनां आणि त्याच्या सोबत्यांनी जखमी सैनिकांच्या सेवेसाठी समिती काढली, जिची पुढे रेडक्रॉस झाली. तिचा पहिला अध्यक्ष द्युफूर. त्याच वर्षी सरकारने देशातल्या सर्वांत उंच शिखराला, ४,६३४ मीटरच्या, त्याचं नाव दिलं. ते शिखर व्हाले कँटनमध्ये आहे, सोळा वर्षांपूर्वी त्याच्या सैन्यापुढे शरण आलेल्या व्हालेमध्ये.

अशी एकी एकदा बांधली की झालं, असं नसतं. पहिल्या महायुद्धात जर्मन बोलणारे स्विस जर्मनीकडे आणि फ्रेंच बोलणारे फ्रान्सकडे झुकले आणि देश मधोमध उभा चिरतो की काय, अशी वेळ आली. तेव्हा कार्ल श्पिटेलर हा एकोणसत्तर वर्षांचा कवी १४ डिसेंबर १९१४ ला झ्युरिकमध्ये उभा राहिला. तो जर्मन भाषेत लिहायचा, त्याचा वाचक जर्मनीत होता. तरी त्याने आपल्या भाषाबंधूंना सांगितलं की सरहद्दीपलीकडचा आपला मित्र असेल, पण भाऊ आहे तो आपल्याच देशातला, फ्रेंच बोलणारा. जर्मनीतले वाचक त्याच्यावर उलटले. त्याने शब्द मागे घेतला नाही. १९१९ चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं, पण मला तो लक्षात राहतो तो त्या संध्याकाळच्या भाषणामुळे. १९३८ मध्ये, शेजारी हिटलर असताना, दहात नऊहून अधिक स्विस मतदारांनी शेकडा एकच्या आसपास लोक बोलत असलेल्या रोमान्शलाही राष्ट्रभाषा केलं.

आणि सीमेचं भांडण? तेही होतं. फ्रेंच बोलणारा, बराचसा कॅथलिक जुरा भाग १८१५ मध्ये जर्मन बोलणाऱ्या बर्नला जोडला होता. दीडशे वर्षं तो धुमसला, त्यात जाळपोळही झाली. पुढे त्या भागाने मत दिलं, मग साऱ्या देशाने मत दिलं आणि १९७९ मध्ये जुरा हा वेगळा कँटन झाला. मूतिए हे गाव तेव्हा बर्नमध्येच राहिलं. २०१७ मधलं तिथलं मतदान गैरप्रकारांमुळे रद्द ठरलं, २०२१ मध्ये पुन्हा झालं आणि १ जानेवारी २०२६ ला मूतिए जुरात गेलं. मी हे सांगत असताना तुमच्यातल्या कित्येकांच्या मनात बेळगाव, निपाणी आली असतील. माझ्याही आली.

मित्रमैत्रिणींनो, उद्यापासून तुम्ही ग्रामसभेत बसाल, कार्यालयात बसाल, कुणी न्यायालयात, कुणी विधानसभेतही. पुष्कळदा बहुमत तुमच्या बाजूचं असेल. तुमची भाषा, तुमची जात, तुमचा पक्ष मोजणीत जड ठरेल. त्या दिवशी निकाल लागल्यावर लगेच उठू नका. समोर जे हरून बसले आहेत त्यांच्याकडे जा, त्यांना काय हवं होतं ते विचारा आणि त्यातलं जे देता येईल ते त्यांनी मागायच्या आधी द्या.