लेन्सवरची जादा काच



मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा आपल्या गावातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जा. नवी लेन्स घेतली की बिल होता होता विचारणा होतेच, "वर यूव्ही लावून देऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात. एवढ्या महागाच्या लेन्सपुढे फिल्टरचे पैसे ते काय, असा हिशेब असतो. मग तो फिल्टर एकदा जो चढतो, तो लेन्स विकेपर्यंत उतरत नाही. मला आज बोलायचं आहे ते या न उतरण्याबद्दल. फिल्टर जरूर वापरावा, पण कुठे लावायचा आणि कुठे काढायचा हे आपण ठरवावं.

रोलच्या काळात यूव्ही फिल्टरला स्वतःचं काम होतं. अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, फिल्मवर मात्र त्यांचा परिणाम होतो. हिमालयात उंचावर फोटो काढले की दूरच्या रांगा निळसर, धुरकट यायच्या. फिल्टर ते किरण अडवायचा. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच अशी काच बसवलेली असते आणि लेन्सच्या काचाही बरेचसे अतिनील किरण शोषून घेतात. म्हणजे ते काम आता संपलं. उरलं ते फक्त संरक्षण.

त्याची किंमत काय पडते, ते पाहू. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. चांगल्या, अनेक थरांच्या कोटिंगमुळे हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. भर दुपारी घाटात फोटो काढताना हा फरक कुणाला जाणवणार नाही. तो जाणवतो अंधारात, दिव्यांसमोर.

हे घरी करून बघा. खोलीत अंधार करा, समई लावा आणि ज्योत फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घेऊन फिल्टरसह एक फोटो काढा. स्वस्तातला फिल्टर असेल तर खालच्या उजव्या कोपऱ्यात तीच ज्योत फिकट, हिरवट आणि उलटी उमटलेली दिसेल. आता फिल्टर उतरवून तसाच फोटो घ्या. ती दुसरी ज्योत बहुधा नाहीशी झालेली असेल. याचं कारण असं, की ज्योतीचा प्रकाश सेन्सरवर पडतो आणि सेन्सर चकचकीत असल्यामुळे त्यातला थोडा लेन्समधून मागे फिरतो. लेन्सची पुढची काच सहसा वक्र असते, तिच्यावर आपटलेला प्रकाश विखुरतो. फिल्टर मात्र सपाट आणि सेन्सरला समांतर. तो प्रकाश सरळ परत पाठवतो आणि मध्यबिंदूच्या पलीकडे त्याचं नीट चित्र उमटतं. दिवाळीतले आकाशकंदील, देवळातली दीपमाळ, रात्रीचा मरीन ड्राइव्ह असं काही टिपायचं असेल तर फिल्टर खिशात ठेवा.

लांब पल्ल्याच्या लेन्सला सुमार काच आणखी बाधते. ताडोबात ६०० मिलिमीटरवर वाघाच्या मिशा स्पष्ट येत नाहीत म्हणून लेन्सला बोल लावण्याआधी एकदा फिल्टर काढून पाहावा.

मग तो लावायचा कुठे? सोमवती अमावास्येला जेजुरीच्या गडावर. मुठीमुठीने भंडारा उधळला जातो आणि हवाच पिवळी होते. हळदीची ती पूड काचेवर बसते आणि घामेजल्या बोटांनी पुसली की तिचा लेप होतो. अशा ठिकाणी फिल्टर हवाच. लेप फिल्टरवर बसेल आणि फिल्टर नळाखाली धुता येईल, लेन्स धुता येत नाही. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल, समुद्राच्या लाटांचे तुषार, धबधब्याखालचं पाणी या सगळ्यांना हेच लागू आहे. पण लक्षात घ्या, फिल्टर झाकतो फक्त पुढची काच. झूम करताना जी लेन्स पुढेमागे सरकते, ती प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर भंडाराही आत जातो. म्हणून जेजुरीला जाताना कॅमेरा आणि लेन्स प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पुढचं तोंड तेवढं उघडं ठेवून रबरबँड लावावा आणि गर्दीत लेन्स बदलू नये. पावसापासून बचाव असलेल्या काही लेन्सना मात्र फिल्टर लागतोच. कॅननच्या १७-४० मिलिमीटरसारख्या लेन्सचा पुढचा भाग फिल्टर लावल्यावरच पूर्ण बंद होतो.

आता पडण्याची भीती. फिल्टरची काच एक-दोन मिलिमीटरची, लेन्सची पुढची काच तिच्यापेक्षा बरीच जाड. ज्या धक्क्याने फिल्टर फुटतो, त्याने लेन्सला ओरखडाही न जाण्याची शक्यता पुष्कळ असते. त्यामुळे फुटलेला फिल्टर दाखवून "लेन्स वाचली" असं खात्रीने म्हणता येत नाही. उलट त्याचे तुकडेच लेन्सवर घासू शकतात. फिल्टरचं कडं धक्का खाऊन लेन्सचे आटे वाचवतं, हे खरं आहे. पण ते काम लेन्सच्या तोंडावर बसणारा हूड अधिक चांगलं करतो, शिवाय बाजूचा नको असलेला प्रकाशही अडवतो. हूड दिवसरात्र लावून ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. आणि पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा आलाच तर घाबरू नका. तो फोकसच्या इतका बाहेर असतो की, समोरून थेट प्रकाश नसेल तर फोटोत सहसा दिसत नाही. ओरखडे येतात ते बहुधा सदऱ्याच्या टोकाने काच पुसल्यामुळे. धुळीतले वाळूचे कण काचेइतके, कधी जास्तच कठीण असतात. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश आणि शेवटी स्वच्छ कापड.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या श्रोत्यांना आणखी एक सांगतो. आपल्याकडे लेन्स पडून जितक्या जातात, त्याहून जास्त बुरशीने जातात असं मला वाटतं. चार महिन्यांच्या दमट हवेत काचांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि तिथे कुठलाही फिल्टर पोहोचत नाही. फिल्टरसाठी काढलेल्या पैशांतून आधी घट्ट झाकणाचा डबा आणि निळ्या सिलिका जेलच्या पुड्या आणा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पुरेसं पाणी शोषलं असं समजा आणि लगेच बदला. पावसाळ्यातही लेन्स डब्यात पडून राहू देऊ नका. आठवड्यातून एकदा तरी ती बाहेर काढा आणि दोन-चार फोटो घ्या.