पाणी कुणाचं, घाण कुणाची?

(बेडसे लेण्यांच्या पायथ्याशी तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिकपर्यंत शिकलोय, कविता करतो. 'पर्यावरण आणि नाटक' यावर बोल म्हणालात तेव्हा हसू आलं. पर्यावरण हा शब्द आमच्या टोळीत कुणी वापरत नाही. गंधकाची पिवळी धूळ डोळ्यांत जाते, रात्रभर पाणी गळतं. त्याला आम्ही पाळी म्हणतो.

आमच्या वस्तीत आम्ही पोरांनी गटारावर खेळ बसवला होता. एक डफ, एक झाडू, चार माणसं. एकजण कचरा टाकणारा मूर्ख, दुसरा त्याला शिकवणारा शहाणा. शहाणा अर्थात मी. खेळ रंगात आला आणि एक म्हातारी उठली. म्हणाली, "पोरा, तीस वर्सं या शहराचा कचरा मी उचलला. मला कचरा शिकवतोस व्हय? गाडी आपल्या गल्लीत का येत नाय, ते सांग की!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला नाही, तिला.

त्या रात्री आमचं नाटक मेलं आणि दुसरं जन्मलं. पुढच्या खेळात शहाण्याचं काम म्हातारीनं केलं आणि मी झालो कचऱ्याची गाडी. हॉर्न वाजवत यायचं, गल्लीच्या तोंडाशी वळून पळायचं. लोक हसले, मग चिडले. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलनं प्रेक्षकालाच खेळात उतरवलं. आमच्या म्हातारीनं त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

म्हणून सांगतो, वस्तीला स्वच्छता शिकवणारं नाटक म्हणजे विटाळाचीच नवी आवृत्ती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. जनावरं पीत होती तोवर तळं शुद्ध होतं. आपली माणसं प्याली, तर शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरी ओतल्या आणि तळं 'शुद्ध' केलं! घाण कशाला म्हणायचं, हे या देशात नाकानं नाही, जातीनं ठरवलं.

आता वर बघा. ही बुद्धलेणी दोन हजार वर्षांची. तिथल्या पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी अक्षरं आहेत: हे सामडिनिका नावाच्या महारठिनीचं दान. बाई मोठ्या घरची. पण पाण्यावर दान कोरलं, पहारा नाही. आज त्याच डोंगरावर सहलवाला प्लास्टिकची बाटली फेकतो. उचलतो कोण?

आणि खाली पवनेचं खोरं. धरण मावळात, पाणी पिंपरी-चिंचवडला. ते बंद नळातून न्यायच्या योजनेविरुद्ध शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती महामार्गावर उतरले. गोळीबारात तिघं मेले, त्यात एक बाई. तीच पवना शहरातून जाताना काळी होते. हा नुसता नदीचा प्रश्न नाही, मालकीचा आहे.

जलसा आपल्याला नवा नाही. सत्यशोधकांनी तमाशाचा साज घेतला आणि त्यात माणसाचा सवाल घातला. भीमराव कर्डकांच्या जलशानं बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. तोच साज आपण पाण्याला लावायचा.

पण खेळ मुंबईहून लिहून आणू नका. आधी पाणवठ्यावर बसा. हंडा कोण वाहतं, गटार कोण उपसतं, योजनेचा पैसा कुठं मुरतो, विचारा. जो बोलेल त्यालाच पात्र द्या. आणि शेवट लिहू नका. शेवट ग्रामसभेत होऊ द्या, ठरावाच्या कागदावर, सह्या-अंगठ्यांनी.

ठराव दाबला, तर पुन्हा खेळ. डफ शेकून ठेवा.

जय भीम!