रोखठोक बोलू या, फटकळ नको

(किनवट तालुक्यातील बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज मी एका शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'रोखठोक'. "ती रोखठोक बोलते," असं आपण म्हणतो. या शब्दातच 'रोख' आहे बघा. रोख म्हणजे उधारी नाही. बोलण्याचंही तसंच. जे सांगायचं ते वेळेवर, आणि जिला सांगायचं तिलाच. उधार ठेवलेलं बोलणं मनात राहतंय, त्यावर व्याज चढतंय, अन् एक दिवस त्याचं भांडण होतंय.

पण रोखठोक म्हणजे फटकळ नाही. समजा, एका ताईचे दोन हप्ते थकले. बैठकीत एकजण म्हणते, "काही जणींना घ्यायचं कळतंय, द्यायचं कळत नाही." हे झालं लेकी बोले सुने लागे. नाव घेतलं नाही, तरी सगळ्यांच्या माना तिच्याकडेच वळतात. दुसरी म्हणते, "तुला लाजच नाही." हा फटकळपणा. तिसरी म्हणते, "ताई, तुमचे दोन हप्ते राहिलेत. काय अडचण आहे? कधी भरता?" हे रोखठोक. यात हप्त्यावर बोट आहे, बाईवर नाही. आणि तिला उत्तर द्यायला जागा आहे.

आपल्या किनवट भागात याची गरज जास्त आहे. कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या कोलामी, कुणाच्या बंजारा, कुणाच्या तेलुगू. मराठीतला टोमणा सगळ्यांना सारखा कळत नाही. नुसता सूर कळतो, अन् तो टोचतो. साधं, सरळ वाक्य सगळ्यांना कळतं.

स्वतःसाठीही रोखठोक बोला. कोऱ्या स्लिपवर कुणी सही मागितली, तर "आधी रक्कम लिहा, मग सही करते," एवढंच म्हणा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. तिथं "पाण्याचं काहीतरी बघा," म्हणू नका. "आमच्या वस्तीचा हातपंप बंद आहे, दुरुस्ती कधी करता? ठरावात लिहा," म्हणा.

ज्या गटात सासू-सून दोघी आहेत, तिथं सुनेला बोलायला अवघड जातं. म्हणून अध्यक्षांनी आधी सुनांना विचारावं, मग मोठ्यांनी बोलावं.

पुढच्या बैठकीपासून एवढं करू या: घरी जाताना वाटेत जे बोलणार, ते बैठकीतच बोलायचं आणि वहीत लिहायचं.