जाहिरात लिहिणारा मनुष्य



दुकानाची पाटी रंगविणारा, हिशेब तपासणारा, लग्नपत्रिका छापणारा यांची निवड करितांना आपण चार ठिकाणीं चौकशी करितों. परंतु आपल्या मालाविषयीं परक्या माणसांशीं आपल्या वतीनें जो बोलणार, त्या जाहिरातीच्या लेखकाची निवड मात्र बहुधा 'कोण स्वस्तांत लिहून देतो' एवढ्याच प्रश्नावर होते. मोठ्या कंपन्यांना जाहिरातसंस्था परवडतात. लहान व्यावसायिकाला स्वतंत्रपणें काम करणारा लेखकच गांठावा लागतो. त्याला हल्लीं फ्रीलान्स कॉपीरायटर म्हणतात. तो कसा शोधावा आणि त्याला काम कसें द्यावें, हा आजचा विषय. मी पडलों शाळामास्तर. व्यापाराचा अनुभव शून्य. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यावर जो प्रसंग आला त्यांत मला बरेंच शिकावयास मिळालें, त्या बळावर बोलत आहें.

हा विद्यार्थी नाचणीचें सत्त्व, भाजणी, मेतकूट असे पदार्थ तयार करून विकतो. धंदा लहान. भाजण्यादळण्यास दोन बायका, पाकिटें भरण्यास एक मुलगा आणि विक्रीला तो स्वतः. पाकिटावरील मजकुरासाठीं त्यानें इंटरनेटवर शोधून एक तरुण लेखक मिळविला. दर शब्दागणिक ठरला. लेखकानें पदार्थ पाहिला नाहीं, चाखला नाहीं, एक प्रश्नहि विचारला नाहीं. तिसऱ्या दिवशीं मजकूर हजर! 'आरोग्याचा खजिना', 'परंपरेचा स्वाद' अशीं कोणत्याहि डब्यावर चिकटवितां येतील अशीं वाक्यें, आणि शेवटीं नाचणीनें मधुमेह समूळ बरा होतो असें ठाम विधान. पांच हजार पाकिटें छापून झालीं. त्यांतलें एक मला भेट म्हणून आलें. तें वाचून मीं विचारलें, "अरे, हें कोणत्या डॉक्टरनें सांगितलें?" तो म्हणाला, "सर, लेखकानं लिहिलंय म्हणजे त्याला माहीत असेलच ना!"

लेखकाला माहीत नव्हतें आणि यालाहि ठाऊक नव्हतें कीं, मधुमेह बरा करून देण्याच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ सालच्या कायद्यानें बंदी आहे. खाद्यपदार्थानें रोग बरा होतो असें पाकिटावर छापणें अन्नसुरक्षेच्या नियमांतहि बसत नाहीं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तेंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. पण कायद्याची गोष्ट बाजूला राहूं द्या. तोंवर पन्नासेक पाकिटें विकलीं गेलीं होतीं, आणि एका वृद्ध बाईंनीं दुकानांत येऊन विचारलें होतें, "आतां गोळ्या बंद केल्या तर चालतील का?" सुदैवानें त्यांनीं विचारलें तरी. न विचारणारे किती होते, या चिंतेनें माझ्या विद्यार्थ्याला कित्येक रात्री झोंप लागली नाहीं. उरलेलीं पाकिटें त्यानें रद्दींत घातलीं.

दोष त्या तरुणाचा होता काय? थोडा होता. अधिक दोष निवडीच्या रीतीचा होता. शब्दागणिक पैसे देणें हीच मुळांत चमत्कारिक पद्धत आहे. पूर्वीं तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसें मोजकें लिहीत. ती तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. येथें उलट लिहिणाऱ्यालाच शब्दागणिक मिळतात, मग तो मोजकें कशासाठीं लिहील? कामाची एकंदर रक्कम ठरवावी, हें उत्तम.

आतां लेखक शोधावा कोठें? कथेखालीं लेखकाचें नांव असतें, जाहिरातीखालीं नसतें. ही खरी अडचण आहे. म्हणून जी जाहिरात वाचून तुम्हांला स्वतःला माल घ्यावासा वाटला, तिच्या मालकाला सरळ विचारावें कीं, हें कोणीं लिहिलें? स्पर्धक नसेल तर तो आनंदानें सांगतो. छापखानेवाल्यांना आणि पाकिटांचीं चित्रें काढणाऱ्यांनाहि अशीं माणसें ठाऊक असतात. लेखकानें जुन्या कामाचे नमुने दाखविले तर त्यांतलें त्याचें स्वतःचें किती, आणि मालकानें त्याला काय सांगितलें होतें, हें विचारावें. मराठींत हवें असेल तर मुळांतच मराठींत लिहिणारा पाहावा. इंग्रजी जाहिरातीचें ओढूनताणून केलेलें भाषांतर मोठ्यानें वाचून पाहिलें कीं जिभेला ठेंच लागते. आणि यंत्राकडून फुकट मजकूर मिळतो म्हणून हुरळून जाऊं नये. यंत्रहि तुमच्या दुकानांत येऊन गेलेलें नसतें.

माझ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या खेपेस एका छापखान्यामार्फत एक बाई मिळाल्या. त्यांनीं लिहिण्यापूर्वीं दोन तास केवळ प्रश्न विचारले. एकदां घेतलेलें गिऱ्हाईक पुन्हा कां येतें? तक्रार कोणती येते? मग भट्टी पाहिली, बायकांशीं बोलल्या. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यांत बांधून मोड आणायचे, सावलींत वाळवायची, मंद भाजून दळायची, वस्त्रगाळ करायची. या सगळ्याला तीन दिवस लागतात. "हें पाकिटावर कां नाहीं?" असें त्यांनीं विचारलें. हा म्हणाला, "त्यांत काय विशेष? सगळेच असं करतात."

बिअरचें उदाहरण मास्तरानें द्यावें हें शोभत नाहीं, परंतु अमेरिकेंत हुबेहूब असेंच घडलें होतें. क्लॉड हॉपकिन्स या जाहिरातलेखकाकडे मिलवॉकी येथील श्लिट्झ कंपनीचें काम आलें. त्यानें कारखाना पाहिला; गाळलेल्या हवेच्या कांचेच्या खोल्या, बाटल्या चार वेळां धुण्याची रीत, खोल विहिरी पाहून तो थक्क झाला. मालक म्हणाले, यांत नवल तें काय, सगळेच कारखानदार असें करितात. हॉपकिन्सनें तेंच लिहिलें, कारण इतर कोणीं तें सांगितलेंच नव्हतें. आणि माल झपाट्यानें खपूं लागला. १९२७ सालच्या आपल्या आत्मचरित्रांत त्यानें ही हकीकत दिली आहे. आपल्याकडे शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, ती कारखान्याच्या वातावरणांतच वावरून. बाहेरच्या लेखकाला तसें वावरावयास मिळत नाहीं. म्हणून त्याला घरांत आणून सर्व दाखविणें हें मालकाचेंच काम आहे. तेवढी सवड नसेल तर लेखक नेमूंच नये.

त्या बाईंच्या पहिल्या खर्ड्यांत मीं 'अत्यंत' आणि 'सर्वोत्कृष्ट' हे दोन शब्द घालावयास सुचविले. त्या नम्रपणें म्हणाल्या, "सर, हे नसले तर काय कमी पडेल?" चाळीस वर्षें विशेषणें शिकविलीं, पण उत्तर सुचलें नाहीं.

आतां व्यवहाराचें थोडें. आधीं एक लहानसें काम द्यावें, पण पैसे देऊन. परीक्षेच्या नांवाखालीं फुकट लिहवून घेणें सभ्यपणाचें नाहीं. किती वेळां दुरुस्ती करून मिळेल, मजकूर कधीं द्यावयाचा, त्यांतील विधानांचा पुरावा कोणीं पुरवावयाचा, हें लिहून ठेवावें. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पगारी नोकरानें नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर, वेगळा करार नसेल तर, मालकाचा हक्क असतो; स्वतंत्र लेखकाचें तसें नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्क सामान्यतः लेखकाकडेच राहतो, आणि तो तुमच्याकडे यावयाचा तर लेखी, सहीचा करार लागतो. त्यांत मुदत घातली नाहीं तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश घातला नाहीं तर तो भारतापुरता धरला जातो. ज्यांचीं पाकिटें दुबईला जातात त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

माझ्या विद्यार्थ्यानें निम्मे पैसे आधीं दिले, निम्मे मजकूर हातीं पडतांच. नव्या पाकिटावर भिजविण्यापासून वस्त्रगाळ करण्यापर्यंतची हकीकत आहे, आणि तळाशीं एक बारीक ओळ आहे कीं, हें औषध नव्हे. त्या वृद्ध बाई अजून सत्त्व नेतात. गोळ्याहि घेतात. दिवाळीच्या भाजणीच्या मजकुराचें काम त्यानें त्याच लेखिकेकडे आतांच सोंपविलें आहे.