औषधाबरोबर धीर

धाराशिव जिल्ह्यांतील वाशीसारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या क्षयरोग्यास रिफॅम्पिसिन सुरू होतें. त्या औषधानें लघवी नारिंगी होते. हा रंग निरुपद्रवी असतो. परंतु आधीं कोणी सांगितलें नसेल, तर रोग्याला तें रक्त वाटतें आणि भीतीनें तो औषध टाकून देतो. सहा महिन्यांचा उपचार असा मध्येंच तुटला, म्हणजे रोग उलटण्याचा संभव असतो व जंतूहि औषधाला दाद देईनासे होतात. औषध उत्तम असूनहि केवळ एका न सांगितलेल्या गोष्टीनें तें निष्फळ ठरतें.

म्हणून औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यास मानसशास्त्र शिकविणें अगत्याचें आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानें या शिक्षणास देशभर शिस्त लाविली. २०१५ च्या नियमांनीं रोग्याचें समुपदेशन हें औषध देणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें. परंतु सूचना घडाघडा म्हणून दाखविल्यानें तें कर्तव्य पुरें होत नाहीं. रोग्याची भीति कोठें दडली आहे हें विद्यार्थ्यास ओळखतां आलें पाहिजे. भिडेपोटीं 'समजलें' म्हणणाऱ्याकडून सांगितलेलें पुन्हां वदवून घेण्याची संवयहि त्यास विद्यार्थिदशेंतच लागली पाहिजे.